कोंडलेल्या खांबाचं बळ

गोरेगाव पश्चिमेला लिंक रोडच्या कडेने चालत गेलं, की पत्र्याच्या कुंपणांआड नव्या टॉवरांची कामं चाललेली दिसतात. पाया अजून जमिनीखालीच असतो, अशा जागी लोखंडाचे लांबलचक गोल पिंजरे आडवे ठेवलेले असतात. क्रेनने उचलून ते पाईलच्या खड्ड्यात सोडायचे आणि वरून काँक्रीट ओतायचं. असा पिंजरा जवळून पाहण्यासारखा असतो. जाड उभ्या सळया गोलाकार मांडलेल्या, आणि त्यांच्याभोवती आठ-दहा मिलिमीटरची बारीक सळई फेऱ्याफेऱ्यांनी गुंडाळत नेलेली. जिथे ती उभ्या सळईला ओलांडते तिथे बायंडिंग वायरची पिळून बसवलेली गाठ. लोखंडकाम करणारे या फेऱ्यांना सरसकट रिंगा म्हणतात.

उभ्या सळया वजन पेलतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. रिंगा मात्र आडव्या. इमारतीचं वजन वरून खाली उतरतं आणि रिंगा जमिनीला समांतर. त्या वजनातला एक किलोही त्या थेट उचलत नाहीत. मग त्या कशासाठी, असं साइटवर विचारलं तर बहुधा उत्तर मिळतं, की उभ्या सळया जागेवर राहाव्यात म्हणून. ते खरंच आहे. दाबाखाली सळया बाहेरच्या अंगाला वाकू नयेत, याचीही काळजी रिंगाच घेतात. पण त्यांचं सर्वांत मोठं काम सळयांशी नाही, आतल्या काँक्रीटशी आहे. ते समजून घ्यायचं तर एक साधा दंडगोल आधी मोकळा दाबून पाहावा लागतो आणि मग कोंडून.

३०० मिलिमीटर व्यासाचा, ६०० मिलिमीटर उंचीचा काँक्रीटचा दंडगोल घेऊ. त्याच्या डोक्यावर सुमारे ७२ टन भार ठेवला तर दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन जोर येतो. हे त्याचं प्रतिबल. एम-२५ दर्जाच्या काँक्रीटचा यंगचा गुणांक आपल्या आयएस ४५६ या संहितेप्रमाणे २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. दहाला पंचवीस हजारांनी भागलं की ०.०००४ ही विकृती मिळते, म्हणजे मीटरमागे ०.४ मिलिमीटर. आपला दंडगोल ०.२४ मिलिमीटरने बुटका होतो. भार काढला की पूर्ववत होतो, दुप्पट भार ठेवला तर दुप्पट दबतो. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम तो हाच, आणि रोजच्या भाराखाली आपल्या इमारतींचे खांब त्याच नियमाने वागत असतात.

पण दंडगोल नुसता बुटका होत नाही. त्याच वेळी तो किंचित जाडही होतो. उभ्या विकृतीच्या किती पट आडवी विकृती होते, त्या प्रमाणाला सिमेओं द्‌नी पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून पॉयसनचं गुणोत्तर म्हणतात. रेणूंमधल्या आकर्षणाच्या गणितावरून पॉयसनला वाटलं होतं, की सगळ्या घन पदार्थांसाठी हा आकडा पाव असणार. प्रयोगांनी ते खोटं ठरवलं. बुचाचं गुणोत्तर शून्याच्या जवळ असतं, म्हणून बूच बाटलीच्या तोंडात दाबून बसवता येतं. काँक्रीटचं साधारण ०.२, पोलादाचं ०.३ आणि रबराचं जवळजवळ ०.५. आपल्या दंडगोलाच्या हिशेबात ०.२ घातलं, तर त्याचा व्यास ०.०२४ मिलिमीटरने वाढतो. हे फुगणं डोळ्यांना दिसणं शक्य नाही. तरी खांबाचं जगणं-मरणं त्याच्यावरच ठरतं.

आता हाच दंडगोल एका अशा नळीत बसवू, जी तसूभरही ताणली जात नाही आणि जिच्या आतल्या बाजूला घर्षणही नाही. वरून तोच १० न्यूटनचा दाब दिला. दंडगोलाला फुगायचं आहे, भिंत फुगू देत नाही. भिंत त्याला सगळ्या बाजूंनी परत आत ढकलते, आणि हा आडवा दाब नेमका एवढा असतो, की होऊ पाहणारं फुगणं पूर्ण पुसलं जावं. गणित चार ओळींचं आहे. आडवा दाब म्हणजे उभा दाब गुणिले पॉयसनचं गुणोत्तर, आणि त्याला भागायचं एकातून तेच गुणोत्तर वजा करून जे उरतं त्याने. काँक्रीटसाठी ०.२ भागिले ०.८, म्हणजे पाव. वरून १० दिले तर भिंतीवर २.५ येतात. गंमत अशी, की आडवी विकृती शून्य आहे आणि आडवं प्रतिबल मात्र शून्य नाही. जिथे काही हलत नाही तिथे जोर नाही, असं आपण सहज धरून चालतो. ते इथे साफ चुकतं. जोर आहे म्हणूनच हालचाल नाही.

बाजूंनी धरल्यामुळे दंडगोल उभ्या दिशेतही थोडा ताठ होतो. काँक्रीटच्या बाबतीत हा फरक फक्त ११ टक्क्यांचा: ०.२४ मिलिमीटरऐवजी ०.२१६ मिलिमीटर दबतो. पण गुणोत्तर अर्ध्याकडे सरकू लागलं की आकडे एकदम उसळी मारतात. ०.४५ ला पदार्थ मोकळ्या असतानाच्या जवळपास ३.८ पट ताठ होतो, ०.४९ ला १७ पट, ०.४९९ ला १६७ पट. ०.५ गुणोत्तराच्या पदार्थाचं घनफळ दाबाने बदलतच नाही. बाजूला जायला जागा ठेवली नाही, तर त्याला दबायला वाटच उरत नाही, आणि वरचा सगळा दाब तो पाण्यासारखा जसाच्या तसा भिंतीवर टाकतो.

हे निव्वळ कागदावरचं नाही. मोठ्या पुलांच्या खांबावर, गर्डरच्या खाली, बेअरिंग असतात आणि त्यांतला एक प्रकार पॉट बेअरिंगचा. पोलादाच्या उथळ, गोल भांड्यात रबराची जाड चकती घट्ट बसवलेली असते आणि तिच्यावर पोलादाचा दट्ट्या. सबंध गर्डरचा भार दट्ट्यामधून रबरावर येतो. चौरस मिलिमीटरला तीसेक न्यूटन दाब! तेवढ्या दाबाखाली मोकळी रबराची चकती केव्हाच चेपून बाजूला पसरली असती. भांड्यात कोंडली असल्यामुळे ती शेकडो टन पेलते, आणि शिवाय गर्डर वाकला-कलला की दाट द्रवासारखी आतल्या आत सरकून त्याला कलूही देते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेली ही युक्ती मला स्थापत्यातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. यात अवघड भाग असतो तो भांडं आणि दट्ट्या यांमधल्या फटीचा. कोंडलेलं रबर केसाएवढी फट मिळाली तरी बाहेर यायला बघतं, म्हणून दट्ट्याच्या कडेला पितळेची कडी बसवून ती फट बंद करतात.

अजिबात न ताणली जाणारी भिंत मात्र जगात नसते. खरी नळी पोलादाची असते आणि तीही थोडी ताणली जाते. तेव्हा आपला ३०० मिलिमीटरचा दंडगोल ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीत बसवू, पण वरचा भार फक्त काँक्रीटवरच ठेवू. काँक्रीट फुगतं, नळीवर रेलतं. नळी ताणली जाते आणि परत ढकलते. दोघांची आडवी हालचाल सारखी असली पाहिजे, या एका अटीवरून दाब काढता येतो. तो येतो जेमतेम ०.५ न्यूटन. आदर्श भिंतीने दिलेल्या २.५ च्या एक पंचमांश. म्हणजे भिंत किती ताठ आहे त्यावर कोंडण्याचं बळ ठरतं, आणि व्यवहारातल्या भिंती आपल्याला वाटतात तेवढ्या ताठ नसतात.

आणखी एक गोष्ट इथे घडते, ती माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची. समजा, भार काँक्रीट आणि नळी दोघांवर मिळून ठेवला. पोलादाचं पॉयसनचं गुणोत्तर ०.३, काँक्रीटचं ०.२. दोघं सारखीच बुटकी होत असताना नळी काँक्रीटपेक्षा जास्त फुगते! नळी काँक्रीटला धरण्याऐवजी त्याच्यापासून सुटू पाहते. म्हणजे हलक्या आणि मध्यम भाराखाली कोंडणं असं काही घडतच नाही. मग ते घडतं कधी?

काँक्रीट हा एकसंध पदार्थ नाही. खडी, वाळू आणि सिमेंटचा लगदा यांच्या सांध्यांवर सूक्ष्म भेगा जन्मापासूनच असतात. भार वाढत गेला की त्या उभ्या दिशेने, भाराला समांतर, वाढू लागतात. ताकदीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत भार पोचला, की आडवं फुगणं झपाट्याने वाढतं आणि मग अशी वेळ येते, की दाबाखाली असूनही काँक्रीटचं घनफळ वाढायला लागतं. भेगांनी आत पोकळी तयार होत असते. काँक्रीट दाबाने चिरडून मरतं असं म्हणण्याची पद्धत आहे. बारकाईने पाहिलं तर ते बाजूला फाटून मरतं. आणि फाटण्यासाठी त्याला बाजूला सरकावं लागतं. नेमक्या या क्षणी नळी, किंवा पिंजऱ्यातली रिंग, कामाला लागते. तोवर ती जवळपास रिकामी बसलेली असते.

दगडाच्या बाबतीत हे पहिल्यांदा स्वच्छ दाखवलं थिओडोर फॉन कार्मान यांनी. पुढे विमानशास्त्रात गाजलेल्या या संशोधकाने १९११ मध्ये इटलीतल्या कराराच्या संगमरवराचे दंडगोल चारी बाजूंनी द्रवाच्या दाबात ठेवून वरून दाबले. मोकळा संगमरवर काचेसारखा तडकतो. पुरेशा दाबात कोंडलेला तोच दगड न तुटता पिंपासारखा फुगत, दबत गेला. दगड तोच, भोवतालचा आधार बदलला आणि ठिसूळपणा गेला. काँक्रीटभोवती गोल लोखंड गुंडाळण्याची कल्पना फ्रान्समध्ये आर्मां कोंसिदेर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडलीच होती. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँड्टसेग आणि ब्राऊन यांनी काँक्रीटचे दंडगोल कोंडून मोडले आणि एक आकडा दिला, जो आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवला जातो: बाजूने १ न्यूटनचा दाब असेल तर उभी ताकद सुमारे ४.१ न्यूटनने वाढते. एकाला चार. इतका किफायतशीर सौदा स्थापत्यात क्वचित मिळतो.

हा आकडा आपल्या पिंजऱ्याला लावून पाहू. रिंगांच्या आतल्या काँक्रीटचा व्यास ३०० मिलिमीटर, रिंगेची सळई १० मिलिमीटरची, दर ७५ मिलिमीटरवर एक फेरी, लोखंड ४१५ दर्जाचं. काँक्रीट फुटायला लागून रिंग पूर्ण ताणली गेली, की ती आत जो दाब देते तो सुमारे २.९ न्यूटन भरतो. त्याची चौपट धरली तर १२. एम-२५ काँक्रीटच्या मोकळ्या दंडगोलाची ताकद असते २० च्या आसपास; ती ३२ वर जाते. जाडीला करंगळीहून कमी असलेल्या, एक किलोही वजन न उचलणाऱ्या सळईने ताकद दीडपटीहून जास्त केली. आयएस ४५६ मात्र अशा खांबाला हिशेबात फक्त पाच टक्के जादा देते. कारण तोपर्यंत रिंगांच्या बाहेरचं काँक्रीट, ज्याला कव्हर म्हणतात, ते गळून पडलेलं असतं आणि वाढीतला मोठा भाग ती तूट भरून काढण्यात जातो. राहिलेला फायदा ताकदीपेक्षा मोठा आहे: खांब एका फटक्यात बसत नाही. मोकळं काँक्रीट ०.००२ च्या आसपास विकृतीला कमाल भार गाठतं आणि लगेच ढासळतं. कोंडलेलं त्याच्या कित्येक पट दबूनही भार धरून राहतं. भूकंपात किंवा शेजारचा खांब गेल्यावर माणसांना बाहेर पडायला जो वेळ मिळतो, तो या दबण्यातून मिळतो.

आपल्याकडचे बहुतेक खांब मात्र गोल नसतात, चौकोनी किंवा भिंतीत लपणारे अरुंद आयताकृती असतात. गोल रिंग सगळीकडे सारखी ताणली जाते. चौकोनी रिंगेची बाजू मध्येच बाहेर वाकते आणि काँक्रीटला खरा आधार फक्त कोपऱ्यांत मिळतो. म्हणून लांब बाजू असलेल्या खांबात आडवे हूक घालून मधल्या सळया पकडाव्या लागतात. आणि हूक कसा वाकवला आहे याला फार महत्त्व असतं. काटकोनात वाकवलेल्या हुकाचं टोक कव्हरमध्येच राहतं. कव्हर गळालं की रिंग उघडते, आणि ती नेमकी हवी असते तेव्हाच हातची जाते. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० संहितेत म्हणून हूक १३५ अंशांत, टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतेल असा वाकवायला सांगितला आहे. खांबाच्या दोन्ही टोकांना, किमान ४५० मिलिमीटर लांबीत, रिंगा १०० मिलिमीटरहून दूर असता कामा नयेत असंही तीत आहे. २००१ च्या भूज भूकंपानंतर अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांत विरळ रिंगा आणि उघडलेले हूक अभियंत्यांना पुन्हा पुन्हा दिसले.

मघाशी एम-२५ काँक्रीटची दंडगोल ताकद २५ ऐवजी २० धरली. त्याचं कारणही कोंडण्यातच आहे. आपल्याकडे काँक्रीटचा दर्जा १५० मिलिमीटरच्या घनाकृती ठोकळ्यावर तपासतात. प्रत्येक साइटवर हे क्यूब भरलेले असतात, त्यांवर तारीख रंगवलेली असते, आणि २८ दिवस पाण्यात मुरल्यावर ते यंत्रात फोडतात. फुटलेला क्यूब हातात घेऊन पाहावा: चारी बाजू सोलून निघालेल्या असतात आणि मध्ये डमरूसारखा, वरखाली रुंद आणि कमरेत बारीक, असा भाग शाबूत उरलेला असतो. यंत्राच्या पोलादी तबकड्या घर्षणाने क्यूबची वरची आणि खालची तोंडं पकडून ठेवतात. तिथलं काँक्रीट फुगू शकत नाही. म्हणजे क्यूब थोडा कोंडलेलाच असतो. त्याची उंची रुंदीएवढीच असल्याने हा परिणाम मध्यापर्यंत पोचतो. उंची व्यासाच्या दुप्पट असलेल्या दंडगोलात मधला भाग या पकडीपासून मोकळा असतो आणि तो काँक्रीटची खरी, निराधार ताकद सांगतो. म्हणून अमेरिकेत दंडगोल मोडणारे आणि आपण क्यूब मोडणारे यांच्या आकड्यांत सुमारे वीस टक्क्यांचा फरक पडतो.

रुळांच्या पूर्वेला, आरेच्या आणि फिल्मसिटीच्या डोंगराकडे गेलं, की हेच गणित उलट्या बाजूने भेटतं. तिथे कोंडणारी भिंत आधीपासून आहे. आपण ती काढायला निघालो आहोत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे दोन जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जायचे आहेत. जुलै २०२४ मध्ये गोरेगावातच त्या कामाचं भूमिपूजन झालं. हा डोंगर दख्खनच्या ज्वालामुखीच्या अखेरच्या काळातला, बेसॉल्टचा आणि ज्वालामुखीय ब्रेचियाचा. कान्हेरीची लेणी याच डोंगरात कोरलेली आहेत. बोगदा खणण्याआधी जमिनीत भोकं पाडून दगडाचे दंडगोल, म्हणजे कोअर, बाहेर काढतात. मनगटाएवढे जाड हे तुकडे खोलीप्रमाणे खोक्यात ओळीने मांडलेले असतात. काही लांब आणि गुळगुळीत, काही नुसती कपची. त्यांतले निवडक कापून, तोंडं घासून, प्रयोगशाळेत दाबतात.

पण खोक्यातला कोअर आणि डोंगरातला तोच दगड यांत मोठा फरक आहे. डोंगरात त्याच्या बाजूला तसाच दगड होता, त्याच्याही बाजूला तसाच. फुगायला जागाच नव्हती. शंभर मीटर खोलीवर वरच्या दगडाचं वजन चौरस मिलिमीटरला २.७ न्यूटन भरतं. पॉयसनचं गुणोत्तर पाव धरलं, तर नुसत्या कोंडण्यातून आडवा दाब त्याच्या एक तृतीयांश, ०.९ न्यूटन यायला हवा. प्रत्यक्षात भूकवचाच्या हालचालींमुळे तो जास्तही असू शकतो, म्हणून तो मोजावा लागतो. तूर्त ०.९ घेऊनच पुढे जाऊ. या दगडात गोल बोगदा कापला की भिंतीच्या पृष्ठभागावर आतल्या बाजूचा आधार शून्य होतो. वाटेत छिद्र आल्याने दाब त्याच्या कडेकडेने वळसा घेतो. किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये दिलेल्या सूत्राने हिशेब केला तर बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उभा दाब ७.२ न्यूटन होतो, मूळच्या अडीचपटीहून जास्त. आणि माथ्यावर? तीनदा ०.९ वजा २.७. बरोबर शून्य. माथ्यावरच्या दगडाला त्याच्या शेजाऱ्यांनी आता धरलेलंच नाही. दगड अखंड असेल तर हरकत नाही. सांधे आणि भेगा असतील तर दगडाचा सुटा ठोकळा खाली यायला कुणाची परवानगी लागत नाही. बोगदा कापल्यावर मागोमाग काँक्रीटच्या कमानीचे तुकडे बसवत जातात किंवा बोल्ट ठोकून काँक्रीट फवारतात, ते गेलेली पकड थोडीतरी परत द्यायला. डोंगर उचलून धरण्याची गरज नसते. थोडा आतून दाब दिला, की दगड स्वतःच स्वतःला पेलतो. एकाला चारचा सौदा इथेही लागू आहे.

पश्चिमेला मालाडच्या खाडीकडे जमीन खाजणाची, काळ्या चिखलाची. तिचा नमुना तपासण्याची रीत तर आपल्या नळीतल्या दंडगोलाचीच आहे. ६० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची चिखलाची चकती धातूच्या कड्यात बसवतात आणि वरून दर चोवीस तासांनी भार दुप्पट करत जातात. बाजूला जायला वाव नाही, कारण पसरलेल्या भरावाखालचा चिखलही बाजूला जाऊ शकत नाही. फक्त पाणी गाळत हळूहळू बसतो. जुन्या भरावावर बांधलेल्या बैठ्या घरांच्या लाद्या वर्षानुवर्षं खचत का राहतात, ते या छोट्या कड्यात दिसतं.

आता पुन्हा खांबाकडे. गोरेगाव, मालाड, कांदिवलीत साठ ते नव्वदच्या दशकांतल्या हजारो इमारती आज उभ्या आहेत. समुद्राची खारी हवा, पावसाळा, न्हाणीघराच्या डक्टमधली वर्षानुवर्षांची गळती. पाणी आणि क्षार काँक्रीटमधून आत शिरतात तेव्हा त्यांना सर्वांत आधी भेटते ती रिंग, कारण पिंजऱ्यात ती सर्वांत बाहेर असते आणि तिच्यावर कव्हर सर्वांत कमी असतं. शिवाय ती सर्वांत बारीक. पंचवीसच्या सळईवरून दीड मिलिमीटर थर गंजला तर तिचा बराचसा भाग शिल्लक राहतो. दहाच्या रिंगेवरून सगळीकडून दीड मिलिमीटर गेला तर सात मिलिमीटर उरतात, आणि क्षेत्रफळ निम्मं होतं. मघाचा २.९ चा दाब १.४ वर येतो, बारा न्यूटनची वाढ सहावर.

आणि हे कुणाला कळत नाही, कारण रिंग एरवी काम करतच नसते. खांब पूर्वीइतकाच भार पेलत असतो, स्लॅब तिथेच असतो, दारं नीट लागतात. बाहेर दिसतं ते एवढंच: खांबाच्या कोपऱ्यालगत उभी चीर, तांबूस डाग, टिचकी मारली तर पोकळ आवाज. गंजाची जागा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते आणि तो कव्हरला बाहेर ढकलतो. अनेक सोसायट्यांत अशा वेळी चीर पुट्टीने भरतात, प्लास्टर करतात आणि रंग देतात. त्याने खांबाची पकड तिळभरही परत येत नाही. घराच्या दुरुस्तीत खांबाचा कोपरा फोडून पाइप किंवा कपाट बसवणं त्याहून घातक. छिन्नी सर्वांत आधी रिंगच तोडते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना हात घातल्याचा आरोप होता. आपल्या उपनगरांत अशी कामं रोज चालतात आणि ती थांबवायला वरच्या मजल्यावरचे शेजारी बहुधा पुढे येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तीस वर्षांवरच्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार सक्तीचं आहे. त्यात हातोडीची चाचणी होते, ध्वनिलहरींची होते आणि कधी खांबातून कोअर कापून काढतात. तो छोटा दंडगोल यंत्रात मोडतात आणि येणाऱ्या आकड्याला सव्वाने गुणून क्यूबची ताकद लिहितात. अहवालात तो आकडा चांगला आला, की सोसायटीच्या सभेत सुटकेचा श्वास घेतला जातो. पण बाहेर काढलेला कोअर मोकळा असतो. त्याच्याभोवतीची रिंग खांबातच राहिली, शाबूत की गंजलेली, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. त्यासाठी कव्हर उघडावं लागतं: तळमजल्याच्या दोन-तीन खांबांच्या पायथ्याशी, डक्टजवळच्या एखाद्या खांबाशी. ब्रशने गंज साफ करून रिंगेची जाडी कॅलिपरने मोजायची, दोन रिंगांमधलं अंतर टेपने घ्यायचं, हूक कसा वाकवला आहे त्याचा फोटो काढायचा. आवश्यक तर खांबाभोवती नव्या रिंगांचं जॅकेट घालता येतं किंवा कोपरे गोल करून कार्बन तंतूंचं कापड घट्ट चिकटवता येतं. दोन्ही उपाय पकड परत देतात. अहवाल हातात आल्यावर सदस्यांनी उरलेल्या रिंगेच्या जाडीचा रकाना शोधावा, आणि तो नसेल तर परीक्षकाकडून तो भरून मागावा.